इंजेक्शनवाला बकरा

सानगडीच्या बाजूला नोकरी लागली तेव्हा मी एका काकूंच्या घरी भाड्याने राहायला गेले. मी गुरांची डॉक्टर, आणि काकूंच्या मते डॉक्टर म्हणजे डॉक्टर, मग पेशंटला दोन पाय असोत की चार. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वतःचा गुडघा दाखवला. मी हात जोडले. त्यावर म्हणाल्या, “म्हशीचा पाहता ना? मंग माह्या काहून नाई?”

काका गेल्यापासून घर, शेती आणि लग्नाची एक मुलगी, सगळं काकू एकट्या सांभाळत होत्या. सांभाळत कसल्या, गाजवत होत्या. त्यांचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि या आवाजाचा मी पुरेपूर फायदा उठवला.

झालं असं, की त्या वर्षी शेजारच्या टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर, शेळ्यांमध्ये पीपीआर आला. हा विषाणूचा ताप. शेळीच्या नाकातोंडातून पाणी गळतं, तोंडात फोड येतात, हगवण लागते आणि कळपच्या कळप बसतो. माणसाला तो होत नाही, पण ज्याच्या घरी चार शेळ्या आहेत त्याचं घर बसतं. लस चांगली आहे, पुण्याहून बर्फात निघून माझ्या फ्रीजपर्यंत सुखरूप पोचलेलीही होती. घोडं अडलं होतं ते लोकांपाशी. टोचली की शेळी वाळते, गाभडते, दूध आटतं, असं एकेकाचं ज्ञान ऐकून माझ्या तोंडाला फेस आला.

मग काकू मैदानात उतरल्या. दारोदार माझ्या पुढे चालायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत सांगायच्या, “सुई लावलेली शेळी म्हंजे गॅरंटीची शेळी! काई चिंता नाई!” मी खूश. दोन दिवसांत गावातल्या बहुतेक शेळ्या टोचून झाल्या. इतका सोपा विजय नोकरीत मला पुन्हा मिळालेला नाही.

एका शेळीवाल्याचा तांबडा बकरा मात्र लसीच्या आधीच आजारी पडला होता. देखणा, भरलेला प्राणी, पण छाती भरून आलेली. या विषाणूवर औषध नाही. त्याच्या मागोमाग फुप्फुसात शिरणाऱ्या जंतूंवर असतं. मी त्याला बरेच दिवस अंगात टिकणारं अँटिबायोटिक दिलं आणि मालकाला बजावलं, “महिनाभर हा कापायचा नाही, कापायला विकायचाही नाही. औषध मांसात राहतं.” त्याने इतक्या जोरात मान हलवली की मी निश्चिंत झाले. बकराही तरला. दिवाळीपर्यंत चांगला उड्या मारायला लागला.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. गावागावाचा दिवस ठरलेला. दिवसा बाजार, पाळणे, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. सोयरिकीही इथंच जुळतात. मंडईला आलेल्या पाहुण्याला मटण वाढलं नाही, तर त्याची चर्चा पुढच्या मंडईपर्यंत चालते.

त्या मंडईला काकूंच्या मुलीला बघायला बपेऱ्याकडची मंडळी येणार होती. मुलगा आणि ती एका लग्नात भेटले होते आणि एकमेकांना आवडले होते. हे काकूंना माहीत नव्हतं, मला होतं, कारण पोरगी रोज संध्याकाळी माझ्या खोलीत बसून त्याच्याबद्दलच बोलायची. त्याची आई फार कडक, याची तिला धास्ती होती. “त्यायनं नाई म्हटलं त झालं मॅडम. तो आईच्या बाहेर नाई,” ती म्हणायची. मलाच परीक्षेला बसल्यासारखं वाटायला लागलं होतं.

सकाळी मी चहा पीत होते आणि काकू झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. शेजारच्या तीन घरांबरोबर त्यांनी एक बकरा घेतला होता. आमच्याकडे असंच करतात. चारजण मिळून बकरा कापायचा आणि पळसाच्या पानांवर सारखे वाटे लावायचे. काकूंचा चेहरा नुसता फुलला होता.

“पाहुन्यायसाठी साधासुधा नाई आनला, मॅडम. तांबडा आनला. तुमच्या हातचा, इंजेक्शनवाला!”

चहा माझ्या साडीवर सांडला.

“काकू, तो खायचा नाही! मी त्याला औषध दिलंय, महिना कुठं झालाय अजून!”

“मंग? तुमीच त सांगत होते, सुई लावलेला चांगला म्हनून!”

“ती लसीची सुई, काकू. ही औषधाची.”

“सुई त सुईच असते ना बाई!”

मी कपाळाला हात लावला. लस आजार यायच्या आधी देतात, औषध नंतर. औषधाचा अंश मांसात राहतो आणि खाणाऱ्याच्या पोटात जातो, हे मी त्यांना चुलीपाशी उभी राहून समजावलं. शेळीवाल्यानेही बकरा चोरून विकला नव्हता. उलट “डॉक्टरीनबाईची सुई लावलेला” म्हणून मोठ्या अभिमानाने दिला होता. काकूंच्याच प्रचाराची जादू.

त्या मटकन खाली बसल्या. “पाहुने बारा वाजता येऊन राहिले. आज गावात कोंबडी नाई भेटत. पोरीच्या सोयरिकीले काय वाढू मी?” आणि माझ्याकडे बघून हळूच, त्यांना न शोभणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “एक दिस खाल्लं त मरते का कोनी?”

खरं सांगायचं तर बहुतेक काहीच झालं नसतं. पण कुणाला त्या औषधाची ॲलर्जी असती तर? मी काही बोलायच्या आत पोरीने पातेलं उचललं आणि मागच्या दारी नेऊन ठेवलं.

बाकीच्या तीन घरी मी गेले. मंडईच्या सकाळी मटण परत मागणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एका घरी कलेजी चहाबरोबर संपलीसुद्धा होती. त्यांना, काही वाटलं तर लगेच दवाखान्यात जा, असं सांगून उरलेलं सगळं, आतड्यांसकट, खड्ड्यात चुना टाकून पुरून आले.

पाहुणे आले. ताटं मांडली. पोरीने पाटोडीचा रस्सा वाढला. बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात पोहत होत्या, वास सुंदर होता, पण मुलाच्या काकांनी एक वडी बोटाने उलटी करून पाहिली, जणू खाली मटण लपवलंय.

“मंडईले पाटोडी?”

काकू उगाच पाण्याचे पेले भरायला लागल्या. मी उपासाची थाप तयार ठेवली होती, ती मारणार इतक्यात पोरगीच बोलली.

“मटन होतं. बकऱ्याले दवाईची सुई होती म्हनून गाडून टाकलं.”

मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं. “खाल्लं असतं त का झालं असतं?”

“बहुतेक काही नाही,” मी म्हणाले. खोटं बोलवेना. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि मला स्वतःचाच राग आला.

“घ्या!” मुलाचे काका म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसला होता.

मुलाच्या आई पोरीकडे वळल्या. “कायले गाडलं मंग? आमाले त मालूमबी पडलं नसतं.”

पोरीच्या हातात रश्श्याची पळी तशीच होती. “मले मालूम होतं ना,” ती म्हणाली.

काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मुलाच्या आईने एक वडी तोडली, खाल्ली, अगदी सावकाश, आणि मग ताट पुढे सरकवलं.

“वाढ माय अजून,” त्या म्हणाल्या. “आता आमच्या घरीबी तुलेच वाढा लागन.”