पडक्या देवळाचा माथा

माझ्यासारख्याने लेख लिहावा, हेच मुळात धाडस. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही. ललित लेखन कसे करतात, तेही मला नीट ठाऊक नाही. वाचकांनी चुका पोटात घालाव्यात. पण या एका बाबतीत गप्प बसणे मला जमणार नाही.

डोळे मिटले की दिसतो तो काळा दगड... कोलशेतच्या खाडीकाठचे आमचे पडके शिवालय, कळस केव्हाच गेलेला आणि माथ्यावरच्या कोरीव कमळावर ऊन खात बसलेला एखादा बगळा. ओहोटीच्या चिखलाचा खारट वास, तिवरांचा ओलसर गारवा, मिठागरांवरून येणारा तापलेला वारा — या सगळ्यांत ते देऊळ शेकडो वर्षे उभे होते.

देवळावर कोणी पाय ठेवायचा नाही, हा गावाचा रिवाज. फक्त दिवाळी सरल्यावर, मिठागरांची कामे सुरू होण्याआधी, एक दिवस हलक्या अंगाच्या एकाच पोराने चढायचे — आंघोळ करून, अनवाणी, दगडाला हात लावून क्षमा मागून. फटींत रुजलेली पिंपळाची रोपे मुळासकट, अलगद काढायची आणि खाडीच्या बांधावर नेऊन लावायची. पिंपळ मारायचा नाही, दगडही हलवायचा नाही. मी लहान असताना एका वर्षी तो मान माझा होता. त्या एका दिवसात पूर्वेच्या भिंतीतल्या खोबणी माझ्या पायांच्या बोटांना पाठ झाल्या होत्या.

तिथेच माझी चूक झाली. माघातल्या एका रविवारी शहरातून सहलीची मंडळी आली. केसांना सुगंधी तेल, गळ्यात कॅमेरा. "वर जायला वाट आहे का रे?" एकाने विचारले. मला केवढा अभिमान वाटला! पुढे मी, आणि माझ्यामागून त्यांचे बूट...

मिठागरावरून येणाऱ्या माझ्या आत्याने ते पाहिले. डोक्यावरची मिठाची टोपली न उतरवताच ती ओरडली, "उतरा खाली!"

"अहो बाई, पडकंच तर आहे," कॅमेरावाला हसला. "आणखी काय पडणार?"

"तुझा बाप म्हातारा होऊन वाकला, तर बूट घालून त्याच्या खांद्यावर चढशील काय रं?"

हसू थांबले. उतरताना कुणाच्या तरी टाचेखाली कमळाची एक पाकळी तुटली. आत्याने मला मारले नाही. ती पाकळी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "वाट तू दावलीस. आता राखायचं पण तूच."

पण वाट एकदा कळली ती कळलीच. दर रविवारी नवी माणसे येऊ लागली. मग आत्या आणि मिठागरातल्या बायका रविवारची मजुरी बुडवून, रिकाम्या टोपल्या घेऊन त्या भिंतीपाशी बसू लागल्या. "फोटो पायजे? काढ की, खालून काढ. आमचापण काढ, नि पाठवून दे!" लोक खजील होऊन परतत. इतर दिवशी मात्र बायकांना कामावर जावे लागे, आणि त्या दिवसांत कोण चढत होते, ते आम्हाला माथ्यावरचे ओरखडे सांगत.

मी लिहायला शिकलो तसे देवळाच्या रक्षणासाठी पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहू लागलो. उत्तर एकच — या वास्तूचे नाव संरक्षित वास्तूंच्या यादीत नाही. यादीत नसलेले देऊळ जुने नसते काय? ते घडवणाऱ्याचे हात काय कमी दुखले असतील? गरिबांनी दगडांची काळजी कशाला करावी, असे एक वर्गमित्र म्हणाला. मी म्हणतो, आमच्या पूर्वजांचे दुसरे काय शिल्लक आहे? मी पुन्हा अर्ज लिहिला. पुन्हा लिहीन.

मी शहरातली खोली बदलल्यामुळे गावच्या गुरुजींचे पोस्टकार्ड महिनाभर फिरत राहिले, ते काल हाती पडले. पूर्वेची भिंत कोसळली. त्या वेळी वर तिघे होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या ठेकेदाराचा ट्रक दगड उचलायला आला. आत्या आणि बायका दगडांवर जाऊन बसल्या, संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. प्रत्येक दगडावर आता त्यांनी केलेली गेरूची खूण आहे — भिंत पुन्हा रचताना कुठला कुठे बसेल त्याची. ट्रक रिकामा परत गेला.