बिनढोलकीचं मंडळ

मंगळवारी सोलापूर वारला आणि आमचं गाणं थांबलं.

सोलापूर म्हणजे माणूस. महाळुंग्याच्या कंपनीत आम्ही चौघं मिळून लोकगीतं गायचो आणि एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. सोलापूर, कोकण, पुनावळे. माझं गाव कुणाच्या लक्षातच राहत नसे, म्हणून मी ‘क्वालिटी’. त्या खात्यात होतो.

आमच्याकडे वाद्यं नव्हती, याचं श्रेय गेटवरच्या वॉचमनला. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत गायचं ठरलं, तेव्हा पुनावळे घरून ढोलकी घेऊन आला.

“मटेरियलचा गेटपास?” वॉचमननं विचारलं.

“आरं, ढोलकी हाय ही. मटेरियल न्हाई.”

“आत जातं ते सगळं मटेरियल. परत नेणार, का इथंच वापरून संपवणार?”

यावर पुनावळे खरोखरच विचार करत बसला. ढोलकी गेटवर राहिली आणि आम्ही नुसत्या तोंडानं गायलो. पुनावळे सगळ्यांत वर, कोकण आणि मी मधे, सोलापूर तळाशी. लोकांना आवडलं. पुढे ढोलकीची आठवण कुणी काढली नाही.

सूर द्यायचं काम सोलापूरचं. आमची तालीम कंप्रेसरच्या खोलीमागे चाले. तो डोळे मिटून कंप्रेसरची घरघर ऐकायचा, त्याच सुरात ‘हूं’ म्हणायचा आणि आम्ही त्यावर चढायचो. याची इतकी सवय झाली की यंत्राशिवाय सुरुवातच करता येईना. हिंजवडीच्या एका सोसायटीनं गणपतीपुढे गायला बोलावलं, तर आम्ही आधी पाण्याचा पंप चालू करायला लावला. टाकी भरून जिन्यावरून पाणी वाहू लागलं, तेव्हा सेक्रेटरींनी हात जोडले.

पुनावळेच्या पुतणीच्या लग्नात याहून पुढची मजल गाठली. पाठवणीचं गाणं होतं. सोलापूरनं हॉलमागच्या जनरेटरचा सूर धरला. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी एसी लावले. जनरेटरवर भार आला, त्याचा आवाज खाली बसला. सोलापूर प्रामाणिकपणे त्याच्या मागे उतरला आणि आम्ही सोलापूरच्या मागे. मग आचाऱ्यानं भट्टीचा ब्लोअर लावला. आणखी खाली. आधी पुनावळेचा आवाज संपला, मग कोकणचा, मग माझा. सोलापूर एकटाच गुरगुरत राहिला. नवरदेवाचे मामा ओरडले, “अहो भाऊ, पोरगी सासरी चाललीय, विहिरीत नाही!”

नवरी रडायची थांबली आणि हसतच गाडीत बसली. त्यानंतर बोलावणारे ‘ते खाली खाली जाणारं गाणं’ मागू लागले. ते मुद्दाम केलेलं नव्हतं, हे आम्ही कधी सांगितलं नाही.

आणि मग तो मंगळवार. मी पुस्तकं वाचणारा माणूस. दुःखाबद्दल पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. स्मशानातून परतताना पुनावळे म्हणाला, “आता सूर कोण देणार, राव? बास झालं.”

दिवसकार्य झाल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि विचारलं, “मंडळ मोडलं म्हणे?”

“व्हय, वैनी. सूर द्यायला कोन न्हाई.”

“मग तुम्ही द्या.”

“आमी?”

“हे म्हणायचे, पुनावळेला एकदा सुरुवात करू दिली पाहिजे. काय गोंधळ होतो ते बघायचंय.”

पुनावळेनं कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि सूर लावला. तो इतका वर लागला की कोकण टाचा उचलून उभा राहिला तरी पोचेना. मी पोचलो आणि मला ठसका लागला. वहिनी हसल्या. मोठ्यानं हसल्या. शेजारीण दारात डोकावून गेली.

“बंद करायचं नाही,” वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. “गुरुवारी कंपनीला सुट्टी असते ना? या. पण चहाच्या आधी गा, नंतर ठसका लागतो.”

आता आम्ही तिघे गातो. सूर पुनावळे देतो. खालचा आवाज नाही.