डाव्या बाजूची थाप

"येऊ दे... येऊ दे... डाव्या अंगाला घे... येऊ दे," आणि मग पत्र्यावर उघड्या तळहाताच्या दोन थापा. एक थाप म्हणजे चल, दोन थापा म्हणजे थांब. दुसरी थाप पडली की ट्रक जागच्या जागी थांबायचा आणि मागची भिंत बरोबर एक वीत लांब असायची.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गेला असाल, तर ट्रकच्या डाव्या खिडकीत बसलेली आणि गाडी मागे घेताना खाली उतरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना क्लीनर म्हणतात. क्लीनर म्हटलं की पोरगेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. ही थाप मारणारे क्लीनर मात्र साठीचे होते, मासवण गावचे. खांद्यावर टॉवेल आणि हातात दोरी ओवलेला बाभळीचा ठोकळा. गाडी उभी राहिली की तो चाकाखाली सारायचा. सगळे त्यांना काका म्हणत. मी पालघरच्या एका दैनिकासाठी वाहतुकीच्या बातम्या करत असे. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ओळख झाली. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मी 'पेपरवाले'.

"काका, तुम्ही ड्रायव्हर का नाही झालात?" मी एकदा विचारलं.

"मी चवथी. लायसनला आठवी लागते." त्यांनी चहा बशीत ओतला. "पेपरवाले, आठवीच्या पुस्तकात गेर कुठला टाकायचा ते लिवलेला हाय का?"

गाडी त्यांना येत होती. कारखान्याच्या आवारात रांग पुढे सरकली की ट्रक तेवढा पुढे घेत. फाटकाबाहेर मात्र स्टिअरिंगला हात लावत नसत. ड्रायव्हर शिंदे सोलापूरकडचा. तो विचारायचा, "काका, आज दिल्ली गाठली काय?"

"गाठली ना. फाटकापासून वजनकाट्यापर्यंत."

काही वर्षांपूर्वी शिक्षणाची ती अट रद्द झाली. बातमी मीच त्यांना सांगितली. दुसऱ्या दिवशी केसांना तेल लावून, इस्त्रीचा सदरा घालून ते फोटो काढून आले. डॉक्टरच्या दाखल्यापाशी सगळं अडलं. काचबिंदूने उजवा डोळा निकामी झाला होता.

"कायदा आला तेवा डोला गेला," ते म्हणाले आणि फोटोंचं पाकीट खिशात टाकलं.

क्लीनरला एक डोळा पुरत होता. एका दुपारी भिंतीच्या सावलीत, मागे येणाऱ्या ट्रकच्या वाटेत, एक मजूर झोपलेला मी पाहिला. आरशात तो दिसण्यासारखा नव्हता. दोन थापा पडल्या, ट्रक थांबला. काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "ये सोने की जगा है क्या रे? घर पे कोई है का नाय?" काकांनी आपली भाकरी सोडून त्याच्यासमोर ठेवली आणि वर शिंदेलाच दटावलं, "बघतो काय? पानी आन."

मग वाहतूकदारांचा संप झाला. अवजड गाडीत क्लीनर नसला की दंड व्हायचा. माणसं मिळत नाहीत, दंड मात्र चुकत नाही, असं मालकांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. चालकाला मदत करणारी यंत्रणा ज्या गाडीत आहे, तिला क्लीनरची सक्ती नको, अशी नियमदुरुस्ती पुढे आली. मी बातमी दिली. मथळा माझाच होता : क्लीनरच्या जाचक अटीतून सुटका.

काका अंक घेऊन टपरीवर आले. "वाचा."

मी वाचलं.

"जाचक म्हंजे?"

"त्रास देणारी."

"कोनाला?"

"मालकांना," मी म्हणालो.

त्यांनी अंकाची घडी घातली. "आमच्या गाडीत ती मशीन हाय का?"

"नाही. गाडी जुनी आहे."

"मंग बरा हाय."

काही महिन्यांत मालकाने जुना ट्रक विकला. नव्याला मागे कॅमेरा होता, अडथळा जवळ आला की वाजणारी यंत्रणा होती. मालक वाईट नव्हता. त्याने काकांना गोदामावर राखण देऊ केली.

"गोदामाला काय रिव्हर्स हाय?" काका म्हणाले आणि राखण नाकारली.

तरी ते सकाळच्या एसटीने नाक्यावर येत राहिले, ठोकळा काखेत धरून. कुणाचाही ट्रक मागे येताना दिसला की उभे राहत : "येऊ दे... येऊ दे..." एका नव्या ड्रायव्हरने काच खाली केली. "चाचा, हटो. कॅमेरा है." काका बाजूला झाले. रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे होते. टपरीवाल्याने चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. थंडीत शिंदेचा फोन आला. काकांना ताप आला होता, तीन दिवसांत गेले. आम्ही दोघे मासवणला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो लायसनसाठी काढलेला होता, तेल लावलेल्या केसांचा. घरात दुसरा नव्हता. काकींनी ठोकळा आणून शिंदेच्या हातात दिला. "तुमच्याच गाडीचा हाय," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात एका कारखान्याच्या आवारात शिंदेला माल उतरवण्यासाठी गाडी मागे घेताना पाहिलं. यंत्र वाजत होतं. भिंत अजून दोन हात लांब होती आणि ट्रक थांबला.

"आने दो, बहुत जगा है!" रखवालदार ओरडला.

शिंदेने डाव्या खिडकीची काच खाली केली होती. तो डाव्या आरशात बघत राहिला.