रशियन चालेल

कॅरी या अमेरिकन गावात आमच्या शेजारच्या घरात एक सर्बियन आजी राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा टेक्ससला. स्वतःची गाडी स्वतः चालवायच्या, टोमॅटो स्वतः लावायच्या आणि गवत कापायला येणाऱ्या माणसाशी दर पंधरवड्याला नेमाने भांडायच्या. त्यांचं इंग्रजी हवा, भाजी आणि तक्रार एवढ्यापुरतं होतं. तेवढ्यावर आमची बारा वर्षं उत्तम मैत्री चालली, कारण शेजाऱ्यांना याहून जास्त विषय लागत नाहीत.

आता माझ्याविषयी. मी इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे आणि दर रविवारी मुलांना मराठी शिकवते. शिकवते म्हणजे मी मराठीत विचारते, मुलं इंग्रजीत उत्तर देतात आणि आईवडील बाहेर गाडीत फोन बघत बसतात. ऑफिसात कोणी ‘तू हिंदी बोलतेस ना?’ असं विचारलं की माझं डोकं फिरतं. मराठी ही स्वतंत्र भाषा आहे, लिपी एक असली म्हणून भाषा एक होत नाही, हे भाषण मी लिफ्टमध्ये दिलंय, कॅफेटेरियात दिलंय, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असताना दिलंय. नवरा म्हणतो, कोणी विचारलं नाही तरी तू सांगतेस. त्याचं म्हणणं खरं आहे.

आणि हीच मी बारा वर्षं आजींची भाषा म्हणजे रशियनचाच एक प्रकार असं समजत होते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरची अक्षरं मला रशियन दिसायची. माझ्या टीममधला रशियन सहकारी पाण्याला ‘वोदा’ म्हणायचा, आजीही ‘वोदा’च म्हणायच्या. भावाला दोघंही ‘ब्रात’ म्हणायचे. दोन आणि तीन हे आकडे तर जवळजवळ आपलेच. एवढ्या चार शब्दांच्या भांडवलावर मी मंडळात एक छोटं व्याख्यान ठोकलं होतं. स्लाव्हिक भाषा सगळ्या सख्ख्या बहिणी, एक आली की बाकीच्या आपोआप समजतात, आणि वोदा म्हणजे आपलं उदकच की. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यानानंतर जेवण होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते मी माइक हातात घेऊन करून दाखवलं.

गेल्या वसंतात आजी गॅरेजमध्ये घसरल्या. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण एकट्या राहतात म्हटल्यावर डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणीही करून घेऊ म्हटलं. मुलाने मला फोन करून विचारलं, नेशील का आईला? मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं.

क्लिनिकमध्ये त्यांनी टॅब्लेट हातात दिला. मी एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासते. दुसऱ्या कोणी चुकीच्या चौकोनात खूण केली की मी त्यावर पानभर शेरा लिहिते, आणि तो लिहिताना मला बरं वाटतं हेही कबूल करते. तर दुभाषी कोणत्या भाषेचा हवा, असा प्रश्न होता. यादीत रशियन वरच दिसत होतं. सर्बियन कदाचित खाली कुठेतरी असेल, पण अकरा वाजता माझी मीटिंग होती. मी आजींना विचारलं, रशियन चालेल ना? त्या म्हणाल्या, शाळेत होतं, चार वर्षं, खूप पूर्वी, थोडं थोडं. मी खूण केली.

माझ्या दृष्टीने तो होकारच होता. आपण नाही का आयुष्यभर हिंदीत भागवत? भाजीवाला, रिक्षावाला, बँकेतला माणूस, समोरचा चक्क साताऱ्याचा असला तरी आपण आधी ‘भैया, कितने का’ म्हणतो आणि तोही ‘चालीस’ म्हणतो, आणि दोन मराठी माणसं हिंदीत व्यवहार पुरा करून समाधानाने घरी जातात. जगातला प्रत्येक माणूस असाच निमूटपणे शेजारच्या भाषेत सरकतो, असं मी गृहीत धरलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

तासाभराने आजी बाहेर आल्या. तोवर मी गाडीत बसून मीटिंग उरकली होती. त्या थकलेल्या दिसल्या. कसं झालं विचारलं तर म्हणाल्या, स्क्रीनवरचा माणूस फार सभ्य होता.

दहा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज बसलेला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की स्मृती आणि आकलन दोन्ही बरंच कमी झालंय, एकटं राहणं आणि गाडी चालवणं सुरक्षित नाही. तो त्याच आठवड्यात विमानाने आला आणि आल्याआल्या त्याने आईच्या गाडीची किल्ली खिशात टाकली. आजी ओट्यापाशी उभ्या होत्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नक्की काय झालं होतं ते मला त्यांनी दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी तुकड्यातुकड्याने सांगितलं. दुभाष्याने रशियनमध्ये एक गोष्ट सांगितली आणि तीच परत सांगायला लावली. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. काही शब्द ओळखीचे वाटले, काही वाटले पण निघाले भलतेच, काही नुसते कानावरून गेले. आजी उत्तर सर्बियनमध्ये देत होत्या. त्या सभ्य माणसाला जेवढं कळलं तेवढं त्याने इंग्रजीत नीटनेटकं मांडलं आणि मधल्या फटी अंदाजाने बुजवल्या असाव्यात. ‘मला कळत नाही’ असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. भाषा इतक्या सारख्या असताना असं म्हणणं दोघांनाही अपमानाचं वाटलं असणार.

मी चिनी भाषेवर खूण केली असती तर आजी वाचल्या असत्या. पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना कळलं असतं की यांना यातलं काहीही समजत नाही, आणि चाचणी थांबली असती. अर्धं समजणाऱ्या माणसाची ती सोय नसते. त्याचं न समजलेलं अर्धं म्हातारपणाच्या खात्यावर जातं.

मला रात्रभर शरम वाटत राहिली. सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मग क्लिनिकला कॉल कर आणि सांग ना चूक झाली म्हणून. मला काय एक्सप्लेन करतेस?” मी फोन केला, चूक कबूल केली आणि पुन्हा चाचणी मागितली. पलीकडची बाई समजूतदार होती. तिने शोधून सांगितलं की सर्बियन दुभाषी सध्या नाही, पण क्रोएशियन बाई आहे, येत्या गुरुवारी येऊ शकते. चालेल का?

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. मी तर ताकाचा पेलाच फेकून दिला. अजिबात चालणार नाही, मी म्हटलं. एकदा हीच चूक झाली आहे, प्रत्येक भाषा स्वतंत्र असते, सारखी दिसली म्हणून एक होत नाही. लिफ्टमधलं सगळं भाषण तिला ऐकवलं. बाई इतकी प्रभावित झाली की तिने माझ्यादेखत, म्हणजे फोनवरच, ‘फक्त सर्बियन’ अशी नोंद करून घेतली आणि सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. फोन ठेवताना मला अभिमान वाटत होता. आजींना मात्र मी काहीच विचारलं नव्हतं, शेजारी राहत असूनही.

दुभाषी चुकीच्या भाषेचा होता हे मी मुलाला सांगितलं, पण त्याची रजा दोन आठवड्यांची होती. सात आठवडे आईला एकटीला ठेवायला तो तयार नव्हता, आणि त्याच्या हातात जो रिपोर्ट होता तो वाचून मीही तयार झाले नसते. तो त्यांना टेक्ससला घेऊन गेला. आजी दोन बॅगा घेऊन गेल्या आणि जाताना घराची किल्ली माझ्याकडे देऊन टोमॅटोना पाणी घालायला सांगून गेल्या.

महिनाभराने त्यांचा फोन आला. टेक्ससच्या डॉक्टरांनी पुन्हा चाचणी घेतली होती आणि आजी पैकीच्या पैकी पास झाल्या होत्या. मी आनंदाने ओरडलेच. सर्बियन दुभाषी कुठून मिळाला, मी विचारलं. त्या हसल्या. सर्बियन कुठची, क्रोएशियन होती म्हणाल्या. चाचणीआधीच त्यांचं तिच्याशी भांडण झालं, पुढाऱ्यांवरून आणि मग कॉफी कशी करावी यावरून.

“भांडायला शब्द न् शब्द कळावा लागतो,” त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. “आमचं छान भांडण झालं.”

मग त्यांनी विचारलं, “तिकडे अशी कोणी नव्हती का?”

खोटं बोलणं सोपं होतं. त्या काही इथल्या क्लिनिकला फोन करून विचारणार नव्हत्या. पण मी सांगितलं. गुरुवारी येणार होती, तुमचा मुलगा तेव्हा इथेच होता, मीच नको म्हटलं. का नको म्हटलं तेही सांगायला लागले, पण ते मला माझंच ऐकवेना.

“मी पास झाले,” त्या म्हणाल्या. “पण मी कॉफी केली की मुलगा उठतो आणि गॅस बंद आहे का बघून येतो. रोज. आता मीसुद्धा त्याला विचारते, बंद केला ना मी?”

मी माफी मागितली. असू दे, म्हणाल्या, तू मनापासून करत होतीस. मग परत कधी येताय, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की घर विकलं, येत्या शनिवारी सामान न्यायला ट्रक येईल, आणि तुझ्याकडे किल्ली आहेच, तर त्या माणसांना दार तूच उघडून दे.