दोन तास एंगेज

मैत्रिणींनो, आजचं सांगते.

चारला लाईट जाणार, म्हणून दुपारी घाईघाईने विकायच्या तोरणांचे फोटो साइटवर चढवत होते. आमचं इंटरनेट घरच्या फोनच्या लाईनवरच चालतं, ते चालू असलं की फोन एंगेज. दोन तास लाईन अडकलेली.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. दिघाशीला शेतावर गेलेल्या सासऱ्यांना ड्रायव्हरने धरून उतरवलं. "भाभी, आपका फोन क्यूं नहीं लगता?"

बाबांची साखर उतरून चक्कर आली होती. पीसीओवरून सारखे घरी फोन लावत होते.

डॉक्टर येऊन गेले. आता बाबा बरे आहेत. मघाशी म्हणाले, "एवढा वेळ कोनाशी बोलत होतीस गं? लागतच न्हवता."

"कोणाशीच नाही, बाबा."

लाईट परत आल्यावर हे लिहितानाही लाईन अडकलेलीच आहे. बंद करते. तुमच्या घरी आत्ता कोण फोन लावत असेल?