वेळेआधी नेलेली भाकरी

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढाऱ्याच्या बायकोला तेवढीही लागत नाही. हात जोडता आले आणि गप्प बसता आलं की झालं. लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबायचं आणि जेवणाच्या आधी दुसऱ्या लग्नाला निघायचं. संक्रांतीला वॉर्डातल्या बायकांना हळदीकुंकू, वाण म्हणून स्टीलचे डबे आणि झाकणावर मालकांचा फोटो. मालक म्हणजे माझा नवरा. मीही मालक म्हणते, कार्यकर्तेही म्हणतात.

खरं काम मयताच्या घरी. पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात, आत बायका. पुढारी बाहेरच्या बाहेर दोन शब्द बोलून उठतो. आत कोण रडतंय, कोण कुणावर चिडलंय, हे त्याला दिसत नाही. ते मी बघून यायची आणि गाडीत सांगायची. "थोरला भाऊ आपला राहिला नाही," एवढं म्हटलं की मालकांना पुरे व्हायचं. इतकी वर्षं हेच केलं. लोक म्हणायचे, वहिनी किती मायाळू. माया थोडी होती. कामच जास्त होतं.

आमच्याकडे फ्लेक्स लावणारा एक जण होता. दिवसभर यंत्रमागावर कामाला, संध्याकाळी आमचे फ्लेक्स. तिशीतला असेल. मला मावशी म्हणायचा. फार गुणी होता असं नाही. तंबाखू खायचा आणि अंगणातल्या नळाखाली थुंकायचा, त्यावरून मी त्याला किती वेळा झापलं. पण जेवायला बसला की ताटात शेंगाची चटणी मागून घ्यायचा आणि ताट स्वतः घासून ठेवायचा.

मालकांचा वाढदिवस होता. त्याच दिवशी मंत्री येणार होते आणि तिकिटाचं त्याच आठवड्यात ठरायचं होतं. चौकात मोठा फ्लेक्स लावायचा होता. त्यावर मालक, आणि बाजूला मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मालकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी तिथंच मेथी निवडत बसले होते.

"मालक, वरनं तारा गेल्यात. लाईटवाल्यास्नी सांगून उद्या दुपारी लावतो की."

"मंत्री सकाळी येणार आणि तू दुपारी लावणार? उजाडायच्या आत मला तो वर दिसला पाहिजे. जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो."

तो म्हणाला, "लावतो, मालक."

पहाटे तो गेला. फ्लेक्सची लोखंडी चौकट तारेला लागली.

आमची बैठक माणसांनी भरली. बायकांची असते तशी कुजबुज, पण पुरुषांची. टीव्हीवर बातमी लागली की कामगार दारूच्या नशेत स्वतःहून खांबावर चढला. थोड्या वेळानं निरोप आला की घरचे मयत ताब्यात घ्यायला तयार नाहीत. त्याची आई म्हणते, पुढाऱ्यानं आधी दारात यावं.

मालक मला म्हणाले, "तू जा. तुला बायका काही बोलणार नाहीत."

"बोलतील."

"बोलल्या तर ऐकून घे."

"तुम्ही का येत नाही?"

एक कार्यकर्ता मध्येच म्हणाला, "वहिनी, मालक गेले तर वातावरण तापेल. आठवडा कसला चाललाय तुम्हाला माहीत आहे."

"तो प्यायला होता असं टीव्हीवाल्यांना कुणी सांगितलं?"

तोच कार्यकर्ता म्हणाला, "वहिनी, असं सांगावं लागतं."

मी मालकांकडे बघितलं. "काल फोनवर बोलला तेव्हा तो प्यायलेला वाटला का तुम्हाला?"

"तू भाकरीचं बघ," मालक म्हणाले. "बरोबर भाकरी ने. तुझ्या हातचा घास त्यांनी घेतला की निम्मं मिटलं."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. माती झाली, माणसं स्मशानातून आली, की सोयरे नाहीतर शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच एक घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास घेतला म्हणजे आणणाऱ्याला आपलं मानलं.

मी म्हटलं, "आदी माती तर हुंदे. पोरगं अजून दवाखान्यात हाय." राग आला की माझी बोली अजून गावची होते.

"रीतीभाती बघायची वेळ नाही ही," मालक म्हणाले आणि फोन घेतला.

मी भाकरी न घेता गाडीत बसले. मागून प्रसिद्धीचं बघणारा कार्यकर्ता येऊन बसला. त्याच्या हातात मोबाईल होता. डिकीत काय ठेवलंय ते मी बघितलं नाही.

गल्लीत दोन्ही बाजूला माग, पण सगळे बंद. ती गल्ली इतकी शांत मी कधी बघितली नव्हती. तोंडाशी फौजदार आणि पोलीस उभे होते. बायका ओट्यांवर बसल्या होत्या.

"ती बघ, फ्लेक्सवरची बाई आली."

"फोटोत लई गोरी दिसती की गं."

मी ऐकलं आणि पुढं गेले. वाटेतून कुणी सरकलं नाही, मलाच वळून जावं लागलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. माझ्याच वयाची, होटगीकडच्या गावची. शेजारी सून आणि तिच्या मांडीवर शाळेचा गणवेश घातलेली नात. आई रडत नव्हती. त्याची मला जास्त भीती वाटली.

"बस," आई म्हणाली.

मी फरशीवर बसले.

"त्येचा बाप दारूनं मेला. म्हणून त्यो शिवत बी न्हवता. आता टीवीत म्हणत्यात, पिऊन चढला." तिनं नातीकडे बोट केलं. "हिला शाळंत काय म्हणतील? तुझ्या मालकाला हितं यिऊन सांगाया लाव, मी चढवला म्हणून. मग माझं लेकरू मी घरी आणीन. तवर न्हाय."

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"मग तू कशाला आलीस?"

तेवढ्यात तो कार्यकर्ता आत आला. काखेत खोकं. त्यानं ते तिच्यासमोर ठेवलं आणि उघडलं. आत दुकानातली कडक भाकरी, प्लास्टिकच्या पाकिटात, आणि चटणीच्या पुड्या. पाहुण्यांना बांधून देतात तशी.

शेजारीण वाकून बघत म्हणाली, "आगं बया, घास आणलाय की ह्यांनी!"

आईनं एक पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "जाळायच्या आदीच? लई घाई झाली व्हय गं तुमास्नी?"

पाकीट तिनं फेकलं नाही. माझ्या मांडीवर ठेवलं. फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाहेरच्या बायका दाराशी दाटल्या. पुरुषही. कुणीतरी म्हणालं, "भाईर काढा हिला." आणि तो कार्यकर्ता मोबाईल धरून माझ्या कानाशी म्हणतो, "वहिनी, जरा त्यांचा हात हातात घ्या ना."

मी विचारलं, "मोबाईल चालू आहे?"

"हो वहिनी."

"राहू दे चालू."

मी उठले. मांडीवरचं पाकीट खोक्यात ठेवलं. म्हटलं, "तो प्यायलेला नव्हता. काल संध्याकाळी त्याचा आमच्या मालकांना फोन आला. वरून तारा गेल्यात, लाईटवाल्यांना सांगून दुपारी लावतो, असं तो म्हणाला. मालक म्हणाले, उजाडायच्या आत लाव, नाहीतर दुसरा बघतो. मी तिथंच होते. माझ्या कानांनी ऐकलं."

कार्यकर्त्यानं मोबाईल खाली केला होता. पण दाराशी तोवर चार-पाच मोबाईल वर झाले होते.

आई म्हणाली, "हे पोलिसाम्होरं बोल."

मी गल्लीच्या तोंडाशी गेले. या वेळी वाट मिळाली. फौजदार हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, घरी जा. साहेबांशी बोला. जबाबाचं नंतर बघू."

"घरी जाऊन मी बदलेन," मी म्हटलं. "आत्ता लिहून घ्या."

त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. मी बोलले तसं लिहिलं, वाचून दाखवलं. मी सही केली. माझी सही म्हणजे नाव लिहिते तेवढंच.

मग माझ्या मागोमाग आलेली आई आपल्या दिराला म्हणाली, "जावा. आना त्याला."

माती झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी गेले नव्हते. शेजारणीच्या घरी चुलीपुढं बसले होते. तिनं पीठ काढून दिलं आणि उभी राहून बघत राहिली. आमच्याकडे स्वयंपाकाला बाई असते, माझी सवय मोडलेली. पहिली भाकरी थापतानाच फाटली. शेजारीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मी थापते." मी म्हटलं, "सरक." पुढच्या जमल्या.

माणसं परत आल्यावर ताट घेऊन गेले. आईनं ताट घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सुनेच्या तोंडात घातला. दुसरा नातीच्या. स्वतः घेतला नाही. ताट बाजूला सारून मला म्हणाली, "जा आता. तुझं बी घर हाय."

गाडी कधीच निघून गेली होती. रिक्षानं आले. बैठकीच्या दारात एकही चप्पल नव्हती. मालक एकटे बसले होते, टीव्ही बंद. त्यांनी सगळं बघितलेलं असणार. तरी पहिला प्रश्न तोच.

"घास घेतला का?"

"सुनेनं घेतला. आईनं नाही."

"म्हणजे निम्मं मिटलं."

"काही मिटलेलं नाही. उद्या पोलीस तुमचा जबाब घ्यायला येतील. मी माझा देऊन आले."

मी हात धुवायला अंगणातल्या नळावर गेले. पीठ नखांत वाळलं होतं, निघता निघेना.