हिरवे चौकोन, लाल चौकोन

सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीत मी इंजिनियर होणार हे माझ्याआधी सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पानाच्या टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत तशी दवंडीच पिटली होती. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो हे कळल्यावर तर त्यांना आणखीच चेव आला. "आमनी पोर मशीन बनाडी ऱ्हायनी," असं ते भेटेल त्याला ऐकवू लागले.

पंचाईत अशी, की मी मशीन बनवतच नव्हते. वर्गातली मुलं खरोखरीच्या वस्तू करत होती. कुणी पंप जोडत होतं, कुणी लोखंड कापून छोटी क्रेन उभी करत होतं, आणि सगळे हाताला ग्रीस लावून मोठ्या ऐटीत कॅंटीनमध्ये यायचे. मी जे निवडलं होतं त्याला सिम्युलेशन म्हणत. यंत्रांचं वागणं गणितात मांडायचं, ते गणित संगणकाला शिकवायचं आणि मग त्याच्या पोटात एक खोटा कारखाना चालवून बघायचा. उद्या एक यंत्र वाढवलं किंवा एक माणूस कमी केला तर काय होईल, हे खऱ्या कारखान्याला हात न लावता कळतं. हे सगळं मी मायला समजावलं तेव्हा तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे भातुकली." मला असा राग आला! तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच आला असावा.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कॉलेजात संगणकाची एकच थंडगार खोली होती आणि तिच्या दारात चपला काढाव्या लागत. आत गेल्यावर आपोआप आवाज खाली यायचा. सगळे पडदे काळ्यावर हिरवी अक्षरं दाखवणारे, फक्त कोपऱ्यातला एक रंगीत होता. त्यावर बसायला मिळावं म्हणून मी जेवढी भांडले तेवढी घरच्या नळावरही कधी भांडले नाही.

आमचे सर सुरतीच होते, मिश्कील आणि चिवट. ते म्हणाले, जी गोष्ट तुला घरासारखी माहीत आहे तीच निवड. मी आबा कामाला होते ते खातं निवडलं. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला सगळे खातंच म्हणतात. आमचं खातं पर्वत पाटियाच्या बाजूला होतं. तिथे आबांकडे आठ लूम आणि त्यांच्या शेजारी एका काकांकडे आठ. काका मराठवाड्याचे, आम्ही खानदेशातले. दोघं एकमेकांच्या बोलण्याची आयुष्यभर टिंगल करत आले आणि एकमेकांवाचून त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे.

माझं कोडं सोपं होतं. लूम चालता चालता कधी धागा तुटतो, कधी धोट्यातली सुताची कांडी संपते. लूम थांबतो. माणूस जातो, धागा जोडतो, लूम सुरू करतो. तो तिथे गुंतलेला असताना दुसरा लूम थांबला तर त्या लूमने वाट बघायची. मग आठवड्याला कापडाचे ताके किती निघतील? धागा कधी तुटेल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तिथे संगणक मनातल्या मनात फासा टाकतो. हे फासे टाकणं मला फार आवडायचं. उद्याचं कुणाला माहीत नसतं हेसुद्धा गणितात बसवता येतं, याचा मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी कॉलेजपासून घरापर्यंत सायकलवर मोठमोठ्याने गात आले.

संगणकाआधी सरांनी हा खेळ हाताने खेळून बघायला लावला. मी फरशीवर आठ चिंचोके मांडले, हे आबांचे लूम. फासा मायच्या हातात दिला. सहा पडले की धागा तुटला, चिंचोका उलटा करायचा. माय पहिल्यांदा हसली, मग मांडी ठोकून बसली. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की सहा पडतच नाहीयेत. फासा घरंगळत सहावर यायला लागला की माय तो झटकन उचलून घ्यायची.

"माय, असं करायचं नाही!"

"तुना बापनं मशीन मी कसं बंद पाडू व?" ती म्हणाली आणि पुन्हा फासा फुंकला.

त्या दुपारी आबांच्या लूमांनी जे कापड काढलं तेवढं सबंध सुरतेत कुणी काढलं नसेल.

मग खरी मापं हवी होती. धागा किती वेळाने तुटतो, जोडायला किती वेळ लागतो. सरांनी खात्याच्या मालकाकडून, शेठकडून, परवानगी मिळवली आणि मी घड्याळ घेऊन खात्यात उभी राहिले. तिथे पोरीबाळी कधी जात नाहीत. आवाज एवढा की माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. आबा आणि काका धुतलेले शर्ट घालून आले होते. खात्यात इतकी शिस्त होती की मी थक्क झाले. जो तो आपापल्या लूमांपाशी देवळातल्या खांबासारखा उभा. कुणी इकडे तिकडे बघेना, जागा सोडेना. आबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, चालू दे तुझं. मी मन लावून सगळं टिपलं.

पाळी संपली तरी आबा लगेच निघाले नाहीत. ते रोजच उशिरा घरी यायचे आणि मायची रोज कटकट असायची. त्या दिवशी कारण डोळ्यांनी बघितलं. पुढच्या पाळीचा माणूस आला तेव्हा आबांचा एक लूम बंद पडलेला होता. आबांनी तो सुरू केला तर दुसरा थांबला. तोही त्यांनी सुरू केला. आठही लूम चालू झाले तेव्हाच ते बाजूला सरले आणि त्या माणसाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ले भाई, सब चालू है." बंद लूम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

पुढचे दिवस मी त्या रंगीत पडद्यासमोर काढले. लूम म्हणजे चौकोन. चालू असला की हिरवा, थांबला की लाल. वरच्या ओळीत आबांचे आठ, खालच्या ओळीत काकांचे आठ, आणि प्रत्येक ओळीत पळणारा एक पांढरा ठिपका. पहिल्यांदा प्रोग्रॅम चालला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बारा तासांची पाळी चहा फुंकून पिण्याआधी संपत होती! मी ती पुन्हा पुन्हा चालवली. एका दुपारीत आबांकडून वर्षभराचं काम करून घेतलं आणि संध्याकाळी घरी जाऊन त्यांचे पाय चेपले. त्यांना कळेना आज पोरीला काय झालं.

पण ताके जुळेनात. खऱ्या खात्यात आठवड्याला जेवढे निघत त्यापेक्षा माझ्या पडद्यावर बरेच कमी निघायचे. मी प्रोग्रॅम उलटापालटा करून पाहिला, फासे तपासले, मापं पुन्हा मांडली. चूक काही सापडेना. सरांनी सगळं बघितलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बेन, आ तो वार्ता छे." ही तर गोष्ट झाली. वार्ता छान आहे, पण खऱ्याशी जुळत नाही तोवर ते मॉडेल नव्हे, आणि बाहेरचे परीक्षक असं मॉडेल पास करणार नाहीत. म्हणजे वर्ष गेलं. आणि गल्लीला काय सांगायचं? आबांचं नाक कापलं जाणार, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

परीक्षेच्या दिवशी पालकांना यायला मुभा होती. बडोद्याहून आलेले परीक्षक माझ्याजवळ आले. मी पाळी चालवून दाखवली, खरे आकडे शेजारी ठेवले आणि सांगून टाकलं, की हे जुळत नाही आणि का जुळत नाही ते मला कळलेलं नाही. त्यांनी नुसतंच हूं केलं. तेवढ्यात दारात चपला काढल्याचे आवाज आले. आबा, आणि त्यांच्यामागे काका. दोघांच्या कपाळाला गंध. काकांच्या हातात हार होता, मशीनला घालायला आणलेला.

"मशीन कोठे शे?" आबांनी हळूच विचारलं.

मी पडद्याकडे बोट केलं. आबांचा चेहरा पाहवेना. काकांनी हार पाठीमागे लपवला. मी घाईघाईने सांगू लागले, हे वरचे तुमचे लूम, हे खालचे काकांचे, लाल म्हणजे थांबलेला, हा ठिपका तुम्ही. दोघं वाकून बघू लागले. एक चौकोन लाल झाला, ठिपका तिकडे धावला, चौकोन हिरवा झाला. आबांच्या तोंडून निघून गेलं, "दख दख, जोडा धागा!" पुढच्या क्षणी त्या थंडगार खोलीत दोघं ओरडत होते, आरं तिकडं जा, इकडे तुटना, पळ! चपराशी दारातून डोकावून गेला. परीक्षकही जवळ सरकले.

मग खालच्या ओळीत एकदम तीन लूम लाल झाले. काकांचा ठिपका एकावर गुंतलेला. वरचे आठही हिरवे आणि आबांचा ठिपका स्वस्थ उभा.

काकांनी आबांकडे वळून बघितलं. "आरं, माझे तीन लूम बंद पडलेत अन् तू नुसता उभा ऱ्हाऊन बघतोस व्हय?"

"मी कोठे उभा शे? तो ठिपका पोरनी उभा करेल शे."

"रोज तर धावत येतोस. मग हितं काय धाड भरली?"

मी मध्ये पडले. "काका, आबा तुमच्या लूमवर येतात?"

"न येऊन सांगतो कुणाला? ह्याचे चालू असले की हा माझ्याकडं, माझे चालू असले की मी त्याच्याकडं. समद्या खात्याचं तसंच हाय."

"पण मी आले होते त्या दिवशी तर कुणीच जागचं हललं नाही!"

आबा कानाची पाळी चोळू लागले. "मीच सांगेल व्हतं सगळासले. पोरनी परीक्षा शे, आज कोनी कोनाले हात लावाना नही. कॉपी व्हई जाई."

मी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. सरांना कळलं तसे तेही हसले, आणि मी परीक्षकांना हिंदीत सांगितलं तेव्हा ते खुर्ची ओढून खालीच बसले. माझ्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून सबंध खातं दिवसभर घाम गाळत, एकमेकांकडे न बघता उभं राहिलं होतं! आपापले लूम थांबलेले सोसले, कारण मला नापास होऊ द्यायचं नव्हतं. मला हसता हसता रडू आलं. आबांना वाटलं त्यांनी काहीतरी बिघडवलं, म्हणून मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

परीक्षक म्हणाले, "बदलता येईल का आत्ता?"

बदल छोटा होता. स्वतःचे सगळे लूम चालू असतील आणि शेजाऱ्याचा लाल असेल, तर ठिपक्याने ओळ ओलांडायची. घाईत एकदा अर्धविराम विसरला, संगणकाने खेकसून दाखवलं, मी तो घातला. पाळी पुन्हा सुरू झाली. आबांचा ठिपका खाली उतरला, काकांचा लूम हिरवा करून वर गेला. थोड्या वेळाने काकांचा वर आला. "हां, असं!" काका म्हणाले. शेवटी ताक्यांचा आकडा उमटला आणि खऱ्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहिला. सरांनी माझ्याकडे बघितलं. "हवे वार्ता नथी," ते म्हणाले, आता ही नुसती गोष्ट राहिली नाही. परीक्षकांनी काकांच्या हातातला हार मागून घेतला आणि रंगीत पडद्याच्या डोक्यावर ठेवला. मी पास झाले होते.

आबांना अजून एकदा बघायचं होतं, म्हणून मी पाळी पुन्हा लावली. ती चालू असतानाच सरांनी घड्याळ दाखवलं. त्या पडद्यावर आता माझ्या एका वर्गमित्राची पाळी होती आणि तो फ्लॉपी हातात घेऊन उभाच होता. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब," आबा म्हणाले. "एक आजून लाल शे."

"आबा, हे खोटं आहे. बंद केलं की सगळं जातं."

"व्हई जाऊ दे पहिले हिरवं."

मी हात मागे घेतला. तो चौकोन हिरवा झाला तर खालचा लाल झाला. तो झाला तर वरचे दोन. फाशाच्या मनात काय होतं कोण जाणे. आम्ही सगळे उभे होतो, मी, सर, फ्लॉपीवाला, परीक्षक, अनवाणी आबा आणि काका. कुणीही घाई केली नाही. ठिपके ओळी ओलांडून एकमेकांकडे धावत होते. मग एका क्षणी सोळाही चौकोन हिरवे झाले.

आबा बाजूला सरले. त्यांनी त्या वर्गमित्राच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ले भाई, सब चालू है."